ऐकणाऱ्या बाईची कादंबरी
कविता महाजन यांच्या लेखनाची मुळं आणि 'अहवालवजा' या आक्षेपाचा पुनर्विचार

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून गोखिवऱ्याकडे निघालं की 'रेंज ऑफिस' नावाचा थांबा लागतो. नाव वनखात्याचं आहे, पण आजूबाजूला आता इमारती आणि कारखान्यांचे गाळे आहेत. जंगल मागे, तुंगारेश्वराच्या डोंगरावर सरकलंय. तरी ज्येष्ठाचा पहिला पाऊस पडला की ते जंगल टोपलीत बसून खाली येतं. पाड्यांवरच्या बाया रस्त्याच्या कडेला शेवळं या रानभाजीच्या जुड्या मांडतात आणि शेजारी काकडांचा वाटा ठेवतात. काकडांशिवाय शेवळं शिजवली तर घसा खाजतो. हे त्या आपणहून सांगत नाहीत. कुणी विचारलं तर मात्र कशी निवडायची, किती उकडायची, पाणी कधी टाकायचं हे सगळं नीट सांगतात. विचारणारं माणूस असलं की बोलणं आपोआप येतं.

बरीच वर्षं वसईत राहिलेल्या एका कादंबरीकर्तीचं सगळं लेखन या विचारण्यावर उभं आहे. कविता महाजन यांचा जन्म ५ सप्टेंबर १९६७ रोजी नांदेडला झाला आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी, त्या गेल्या. 'ब्र' (२००५) आणि 'भिन्न' (२००७) या दोन कादंबऱ्यांनी त्यांचं नाव महाराष्ट्रभर पोहोचवलं. त्यांच्या कादंबऱ्यांचं कौतुक झालं तेव्हाही एक शेरा सोबत राहिला : विषय मोठा, पण लेखन अहवालासारखं, माहिती फार, कलाकृती कमी. या शेऱ्याचीच मला इथे तपासणी करायची आहे. महाजनांच्या कादंबरीतला अहवाल हा कलेचा अभाव नाही. ती मराठी कादंबरीची सर्वांत जुनी रीत आहे, आणि या रीतीला त्यांनी वारली मुलखात नवा कान दिला, असं माझं म्हणणं आहे.

'ब्र'चा मुलूख

आधी काळ आणि कायदा पाहू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींमधल्या किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. जी बाई ग्रामपंचायतीची पायरीही चढली नव्हती, ती सरपंचाच्या खुर्चीपर्यंत पोहोचली. निदान कागदावर तरी पोहोचली. सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, हा प्रकार इतका सर्रास झाला की 'सरपंचपती' हा शब्दच रूढ झाला. जी खरोखर कारभार करू लागली तिच्यावर अविश्वासाचा ठराव येऊ लागला. पुढे कायद्यात अशी तरतूद करावी लागली, की स्त्रीसाठी राखीव पदावरच्या महिला सरपंचाला हटवायचं तर तीन चतुर्थांश बहुमत लागेल. कायद्याला असं कुंपण घालावं लागतं, तेव्हा आत काय चाललं असेल याचा अंदाज येतो.

'ब्र' ही या अंदाजापलीकडे जाऊन पाहणारी कादंबरी आहे. मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेत काम धरते. आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटायचं आणि त्यांचे अनुभव नोंदवायचे, हे तिचं काम. ती गावोगाव हिंडते, बायांसमोर बसते, विचारते आणि लिहून घेते. शीर्षकात मराठीतला एक जुना वाक्प्रचार अर्धाच ठेवला आहे. आपण 'ब्र काढायचा नाही' असं नकारातच बोलतो. महाजनांनी तो नकार काढून टाकला आणि उरलेलं एकच जोडाक्षर पुस्तकाच्या कपाळावर लिहिलं.

कादंबरीची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ज्या संस्थेच्या वतीनं प्रफुल्ला हे ऐकते, त्या संस्थेचं राजकारणही ती पाहते : पैसा कुठून येतो, कोणाचं नाव पुढे होतं, अहवालात काय जातं आणि काय गाळलं जातं. त्यामुळे 'अहवाल' हा या कादंबरीचा विषयच होऊन बसतो. संस्थेच्या अहवालात न मावलेलं जे उरतं, तीच कादंबरी.

पर्यटनाची परंपरा

भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर'मधल्या मराठी कादंबरीवरील निबंधात या साहित्यप्रकाराच्या आरंभाशी तीन प्रवाह दाखवले आणि प्रत्येकाला एकेका कादंबरीचं नाव दिलं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) या त्या तीन कादंबऱ्या. पहिलीत भोवतालचं वास्तव आहे, दुसरीत अद्भुतरम्यता आणि तिसरीत इतिहास.

'यमुनापर्यटन'ची रचना आठवून पाहा. यमुना नवऱ्यासोबत प्रवासाला निघते. वाटेत विधवा भेटत जातात. एकीचं केशवपन झालेलं असतं, दुसरीवर आणखी काही बेतलेलं असतं. यमुना ऐकत जाते आणि कादंबरी पुढे सरकत जाते. एका गोष्टीतून दुसरी निघावी अशी कथानकाची गुंफण इथे नाही. भेटींची माळ आहे. शेवटाकडे यमुनेचा नवरा मरतो आणि इतका वेळ ऐकणारी स्वतःच त्या कहाण्यांमधली एक होते. पुढे ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. पदमनजी धर्मांतरित ख्रिस्ती होते आणि त्यांचा हेतू धर्मप्रचाराचाही होता, हे खरंच आहे. पण हेतूपेक्षा त्यांनी शोधलेला आकार टिकला : एक बाई हिंडते, दुसऱ्या बायांचं ऐकते, आणि ऐकता ऐकता स्वतःच्या आयुष्यापाशी येऊन थांबते.

'ब्र'चा आकार नेमका हाच आहे. प्रफुल्ला सरपंच बायांचं मौन मोजायला निघते आणि तिला स्वतःच्या घरातल्या मौनाचा हिशेब लागतो. १८५७ आणि २००५ यांच्यामध्ये १४८ वर्षं आहेत. लेखिकेनं पदमनजींना समोर ठेवून लिहिलं, असा माझा दावा नाही. समाजातल्या एका मोठ्या गटाचं बोलणं साहित्याबाहेर राहतं तेव्हा मराठी कादंबरी पुन्हा पुन्हा पर्यटनाला निघते, इतकंच मला दाखवायचं आहे.

याच वाटेवर मध्ये विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) लागते. या टोपणनावानं लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केलं होतं. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी ती वसाहत. १८७१च्या ज्या कायद्यातून हे कुंपण उभं राहिलं, तो कादंबरीनंतर दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, रद्द झाला. पगारी नोकरीतून दिसलेलं जग कादंबरीत आणणारी 'बळी' ही 'ब्र'ची थेट थोरली बहीण. फरक एवढाच की शिरूरकरांनी स्वतःला कथनातून बाजूला ठेवलं आणि महाजनांनी ऐकणाऱ्या बाईलाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

१९४५ आणि २००५

आमच्या पालघर जिल्ह्यापुरतं पाहिलं तर आणखी एक पुस्तक या शेजारी ठेवावं लागतं : गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०). ही कादंबरी नाही. १९४५च्या वारली उठावाचं ते आत्मकथन आहे आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वेठबिगारी आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान् पिढ्या राबणारे लग्नगडी ही तलासरी-डहाणूची व्यवस्था त्या पुस्तकानं महाराष्ट्राला दाखवली.

दोन्ही पुस्तकांत शहरातून आलेली, शिकलेली स्त्री पाड्यांवर जाते. पण गोदावरीबाईंना ठाऊक आहे की त्या कशासाठी आल्या आहेत. त्यांच्यामागे लाल बावटा आहे, किसान सभा आहे, समोर लढाई आहे. प्रफुल्लाकडे प्रश्नावली आहे आणि महिनाअखेरीस पगार. तिला खात्री कशाचीच नाही. मधल्या ६० वर्षांत आदिवासी मुलखात संघटनेची जागा हळूहळू प्रकल्पांनी घेतली. त्या बदलाची सर्वांत प्रामाणिक नोंद मला 'ब्र'मध्ये सापडते. प्रफुल्लाचा गोंधळ हा लेखनातला कच्चेपणा मानला गेला. मला तो काळाचा गोंधळ वाटतो.

धवलेरीचा आवाज

महाजनांच्या लेखनामागचा सर्वांत खोल प्रभाव मात्र कुठल्या छापील पुस्तकाचा नाही. त्यांनी वारली लोकगीतं जमवली आणि त्यांचं पुस्तक केलं. समीक्षकांनी हे काम कादंबऱ्यांपासून वेगळ्या कप्प्यात ठेवलं. माझ्या मते ते कादंबऱ्यांच्या पायातच आहे.

वारल्यांच्या पारंपरिक लग्नात ब्राह्मण नसतो. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची विधिगीतं गाणारी बाई. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरीच्या गाण्यानं तो चौक जागा होतो. तिच्या आवाजाशिवाय लग्न लागत नाही. ज्या समाजात सर्वांत मोठा विधी बाईच्या तोंडून पार पडतो, त्याच समाजातली बाई पंचायतीच्या खुर्चीवर बसली की तिनं ब्र काढायचा नाही! हा विरोधाभास कळायला दोन्ही ठिकाणी बसून ऐकावं लागतं, गाण्यापाशीही आणि ग्रामसभेतही. महाजनांनी दोन्ही ठिकाणी ऐकलं. म्हणून 'ब्र'मधल्या बाया वाचताना त्या मुक्या होत्या आणि कायद्यानं त्यांना वाचा दिली, असं वाटत नाही. त्यांना वाचा होतीच. ज्या जागी सत्ता आणि पैसा आला, त्या जागी ती दाबली गेली.

चित्रांचंही असंच झालं. लग्नचौक लिहिणं हे बायांचं काम. १९७०च्या दशकात वारली चित्रं कागदावर आली, त्यांना बाजार मिळाला, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले. त्यांची प्रतिभा निर्विवाद. पण भिंतीवरून कागदावर येताना कुंचला बहुतांशी पुरुषांच्या हाती गेला, हेही तितकंच खरं. मशे २०१८च्या मे महिन्यात गेले आणि महाजन त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. पालघर जिल्ह्यानं एका वर्षात आपला एक डोळा आणि एक कान गमावला.

ऐकण्याची दुसरी शाळा म्हणजे अनुवाद. इस्मत चुगताईंच्या कथांच्या 'रजई' या अनुवादासाठी महाजनांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 'लिहाफ' या १९४२च्या कथेपायी इस्मतआपांवर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला होता. बायकांच्या घरगुती बोलीतून, न बोलायच्या गोष्टी बोलायच्या, ही त्यांची हातोटी. 'ब्र'मधला निर्भीड आवाज आणि 'भिन्न'मधलं शरीराबद्दलचं थेट बोलणं यांचं नातं मला इस्मतच्या दिवाणखान्याशी अधिक जवळचं वाटतं. मराठी स्त्रीवादी कथेच्या सभ्य दिवाणखान्यात इतकं मोकळं बोलणं झालं नव्हतं.

आक्षेपात किती तथ्य?

आक्षेप सगळाच खोडून काढणं अन्यायाचं होईल. 'भिन्न' ही एचआयव्हीबाधितांच्या, विशेषतः नवऱ्याकडून हा संसर्ग झालेल्या स्त्रियांच्या जगात उतरते. तिथे काही प्रकरणांत माहितीचा लोंढा इतका मोठा आहे की माणसं त्यात वाहून जातात. एका बाईचं दुःख मनात रुजायच्या आत दुसरी उभी राहते. 'ब्र'मध्ये प्रफुल्लाचा स्वतःचा धागा या कहाण्यांना ओवून ठेवतो. 'भिन्न'मध्ये तो धागा जागोजागी सैल होतो. हा दोष खरा आहे. पण तो अहवालाच्या आकाराचा नाही, ओवण्याचा आहे. समीक्षेनं हा भेद केला नाही आणि आकारालाच दोषी ठरवलं.

बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांना २०१५ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांची पुस्तकं शेकडो माणसांच्या साक्षींनी घडली आहेत. युद्धावर गेलेल्या स्त्रिया, चेर्नोबिलचे रहिवासी यांचं बोलणं त्यांनी ऐकलं आणि मांडलं. त्या पारितोषिकानंतर आपल्याकडेही 'बहुआवाजी गद्य' असा आदरानं उल्लेख होऊ लागला. दहा वर्षं आधी वसई-डहाणूच्या पट्ट्यातून तशीच धडपड मराठीत झाली, तेव्हा तिला आपण 'अहवाल' म्हणून बाजूला सारत होतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे : आदिवासी बाईची गोष्ट बिगरआदिवासी लेखिकेनं सांगावी का? याचं उत्तर 'ब्र' स्वतःच्या रचनेतून देते. प्रफुल्ला कधीही वारली बाई होऊन बोलत नाही. ती समोर बसलेली असते, तिचं अंतर दिसत राहतं, तिचं न समजणंही दिसतं. महाजनांनी आवाज उसना घेतला नाही, ऐकण्याची जागा दाखवली. त्या जागेवरून पुढचं पाऊल पाड्यावरच्या मुलीनंच टाकायला हवं, आणि ती टाकेल तेव्हा 'ब्र' मागे पडली तरी त्यात कादंबरीचा जयच असेल.

गोखिवऱ्यात काय उरलं

२००१च्या जनगणनेत गोखिवऱ्याची नोंद 'जनगणना शहर' अशी झाली. वस्ती शहराची, कारभार गावाचा. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि चार नगरपरिषदांसोबत भोवतालची गावं तिच्यात आली. ग्रामपंचायत संपली आणि तिच्यासोबत ग्रामसभाही. ज्या मांडवात बाईला निदान कायद्यानं बोलायला बोलावलं जात होतं, तो मांडवच निघाला. नगरसेविकेसाठी राखीव जागा आहेत, पण वॉर्डातल्या सगळ्या बाया एका ठिकाणी बसून हिशेब विचारतील अशी सभा आता नाही.

आज सकाळी गोखिवऱ्याच्या रस्त्यावर बाया दोन दिशांनी येतात. काही डोंगराकडून टोपली घेऊन, काही स्थानकाकडून डबा घेऊन गाळ्यांत कामाला. डबेवाल्या बायांची कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही. ती लिहिणारीनं महाजनांची भाषा उचलायची गरज नाही, आणि त्यांचे विषय तर मुळीच नाही. त्यांची एक सवय तेवढी उचलावी : शेजारी बसायचं, विचारायचं, आणि समोरची बोलेपर्यंत उठायचं नाही.