अंतर आणि वाट

दोन विमानतळांमधील अंतराला विमानाच्या वेगाने भागले, की प्रवासाचा वेळ निघाला, असे आपण समजतो. हा हिशेब समुद्रावर अपुरा पडतो. दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना, म्हणजे नेपोलियनच्या बंदिवासाचे बेट, घ्या. तेथून असेन्शन बेट सरळ हवाई मार्गाने सुमारे १,३०० किलोमीटर. ताशी ७०० ते ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला दोन तास पुरतात. बोटीला दोन-तीन दिवस लागत. पण २०१७ साली ही विमानफेरी सुरू झाली, ती महिन्यातून एकदाच! त्यातही सेंट हेलेनाच्या धावपट्टीवर वारा एकाएकी फिरतो. उतरता आले नाही, तर जवळ दुसरा विमानतळ नाही. म्हणून परतीपुरते इंधन बरोबर घेऊनच निघावे लागते. सेंट हेलेनाची पुष्कळ माणसे असेन्शनवर नोकरीला असतात. घरी आई आजारी आहे असे त्यांपैकी एखाद्याला कळले, तर तो किलोमीटर मोजत बसत नाही. पुढचे विमान कोणत्या तारखेला, एवढेच विचारतो. त्याच्या प्रवासाचा खरा वेळ त्या तारखेपासून मोजावा लागतो.