सध्या काय वाचता?

दोन ग्रंथप्रेमी माणसे भेटली म्हणजे प्रकृतीची आणि घरच्यांची विचारपूस होते, आणि मग एकाच्या तोंडून सहज प्रश्न निघतो, "सध्या काय वाचता?" प्रश्न साधा आहे, पण इतर प्रश्नांहून तो वेगळा आहे. "किती वाचले?" असे विचारले तर ती परीक्षा होते. "उत्तम पुस्तक कोणते?" असे विचारले तर उत्तर देणाऱ्यास न्यायाधीशाचा आव आणावा लागतो. "सध्या काय वाचता?" या प्रश्नाला मात्र पाचवीतला मुलगा आणि सेवानिवृत्त प्राध्यापक या दोघांनाही सारख्याच मोकळेपणाने उत्तर देता येते. पुस्तक अर्धेच वाचून झालेले असते, मत पक्के बनलेले नसते, आणि म्हणूनच बोलण्यास जागा असते.

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर बडोद्यासारखे गाव शोधून सापडणार नाही. वाचलेले दुसऱ्यास सांगावे ही या नगरीची जुनी रीत आहे. सतराव्या शतकात कवी प्रेमानंद येथेच होऊन गेला. बोटांतल्या अंगठ्यांनी तांब्याच्या माणीवर ताल धरून तो आख्याने सांगत असे आणि अक्षरओळख नसलेले नगरजन ती ऐकत असत. मराठी माणसे गायकवाडांबरोबर इकडे आली तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर कीर्तन आणले, चातुर्मासातली पोथी आणली. पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे पंचवीस, असा तो व्यवहार होता. एकट्याने, मनातल्या मनात आणि दार लावून वाचण्याची सवय आपल्याकडे फार अलीकडची आहे.

पुढे या व्यवहाराला राजाश्रय मिळाला, आणि त्याचे मूळ एका मुलाच्या आयुष्यात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. त्याचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यास लिहिता-वाचता येत नव्हते. तेच पुढे महाराज सयाजीराव गायकवाड म्हणून प्रसिद्धीस आले. ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचू लागलेली असतात त्या वयात ज्याने मुळाक्षरे गिरवली, त्याला अक्षराची किंमत कोणी निराळी सांगावयास नको होती. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ साली तो कायदा सर्व राज्याला लावला.

महाराजांचे स्वतःचे वाचनही एकट्याचे नव्हते. १८८९ साली त्यांनी गोविंद सखाराम सरदेसाई या तरुणास आपल्या पदरी ठेवले, ते 'रीडर' म्हणून. ग्रंथ वाचून दाखवणे हेच त्यांचे काम. पुढे राजपुत्रांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. शिकवण्यासाठी इतिहासाची टिपणे काढता काढता त्यांच्या हातून १८९८ साली 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध झाली आणि पुढे 'मराठी रियासती'चे खंड निघाले. सरदेसाई हे 'रियासतकार' झाले ते या मार्गाने. आपण वाचलेले दुसऱ्यास समजेल असे सांगावयाचे, या एका बंधनातून महाराष्ट्राला केवढा मोठा इतिहासग्रंथ मिळाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शाळांतून मुले साक्षर होऊ लागली, तशी एक नवी अडचण उभी राहिली. शाळा सुटली की पुस्तक सुटते, आणि पुस्तक सुटले की चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरेही पुसट होतात. हे थांबवावयाचे तर गावात पुस्तक पाहिजे. १९०६ साली अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून राज्यातील ग्रंथालयांचे प्रमुख नेमले. बोर्डन सुमारे तीन वर्षे येथे राहिले. तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांना शिकवण्याचे वर्ग निघाले, आणि स्त्रिया व मुले यांच्यासाठी वेगळे विभाग झाले. महाराजांनी आपल्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रह या कामी दिला. गावोगावच्या ग्रंथालयांसाठी नियम असा होता की खर्चाचा एक वाटा लोकांनी उचलावा, एक वाटा स्थानिक पंचायतीने द्यावा आणि एक वाटा सरकारने. लोकांचा वाटा मुद्दाम ठेवलेला होता. जे फुकट मिळते ते परके राहते, हे त्यामागचे धोरण.

या योजनेतली सर्वांत मनोहर गोष्ट म्हणजे फिरते ग्रंथालय. ज्या गावी ग्रंथालय नाही तेथे लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके घालून ती धाडावयाची. काही महिने गावाने ती वाचावयाची. मग पेटी परत यावयाची आणि दुसरी जावयाची. वाचकास काही द्यावे लागत नसे. पेटीचे भाडेसुद्धा खाते सोशी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वगळावयाचे नाही म्हणून मॅजिक लँटर्नची चित्रे आणि पुढे सिनेमा दाखवणारी एक शाखाही काढली होती.

पण पेटी गावात पोचली म्हणजे पुस्तक वाचले गेले असे होत नाही. पेटीचे झाकण कोणी तरी उघडावे लागते, आणि "हे पुस्तक तुमच्या उपयोगाचे आहे" असे कोणी तरी शेजाऱ्यास सांगावे लागते. हे मर्म ओळखणाऱ्यांत मोतीभाई अमीन हे प्रमुख होते. पेटलादच्या शाळेत ते शिक्षक होते. राज्याचे ग्रंथालय खाते निघण्यापूर्वीच, १९०६ च्या सुमारास, त्यांनी मित्रमंडळे काढून खेड्यापाड्यांत वर्तमानपत्रे आणि पुस्तके पोचवण्यास आरंभ केला होता. त्या संस्थेला त्यांनी 'मित्रमंडळ' म्हणावे यातच सर्व आले. पुढे राज्याने ग्रामीण ग्रंथालयांचे काम त्यांच्याकडे सोपवले. बोर्डन यांनी पुस्तकांची मांडणी लावून दिली, तर मोतीभाईंनी माणसांची. ग्रंथालयाला दोन्ही लागतात.

आता वाचलेले सांगण्याने नेमके काय साधते ते पाहू. पहिला लाभ सांगणाऱ्याचा. पुस्तक वाचताना सर्व कळल्यासारखे वाटते. परंतु दुसऱ्यास सांगावयास बसले की आपल्याला कोठे अडते ते उमगते. मग माणूस पुन्हा ते पान उघडतो. दुसरा लाभ ऐकणाऱ्याचा. कपाटात हजारो पुस्तके असतात आणि आयुष्य एक असते. त्यांतले आपले कोणते हे यादी पाहून कळत नाही. ओळखीच्या माणसाने डोळ्यांत उत्साह आणून सांगितले म्हणजे मात्र हात आपोआप त्या पुस्तकाकडे जातो. तिसरा लाभ पुस्तकाचा. ज्या पुस्तकाविषयी कोणी बोलत नाही ते पुन्हा छापले जात नाही, आणि एक पिढी गेली की ते कपाटात असूनही हरवते.

बडोद्यातील मराठी घरांच्या दृष्टीने हा तिसरा लाभ जिव्हाळ्याचा आहे. या नगरीत मराठी साहित्य संमेलन १९०९, १९२१ आणि १९३४ या साली भरले. त्यानंतर चौऱ्यांशी वर्षांनी, २०१८ साली, मराठी वाङ्मय परिषदेच्या यजमानपणाखाली ते पुन्हा येथे आले. पण १९३४ आणि २०१८ यांच्या मधल्या काळात पुष्कळच पालट झाला. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, आणि कारभाराची व शाळेची भाषा बदलली. आज आजोबा मराठी वाचतात, मुलगा वाचू शकतो पण क्वचितच वाचतो, आणि नातू घरी मराठी बोलतो परंतु मराठी पुस्तक हाती दिले तर दुसऱ्या ओळीवर थांबतो, असे चित्र अनेक घरांत दिसते. यात कोणाचा अपराध नाही. नातू गुजराती आणि इंग्रजी उत्तम वाचतो, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र आजोबांच्या कपाटातली पुस्तके पुढे कोण उघडणार, हा प्रश्न उरतोच.

यावर उपदेशाचा उपयोग होत नाही. "मराठी वाच" असे सांगितल्याने कोणी मराठी वाचीत नाही. आजोबांनी रात्री जेवताना, आज वाचलेल्या चरित्रात काय घडले ते सांगावे आणि ऐन रंगात आले असता थांबावे. नातवानेही आपण वाचतो आहोत ते गुजराती वा इंग्रजी पुस्तक मराठीत सांगावे. आजोबांनी ते मन लावून ऐकावे. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली तरच ती टिकते. एकाने नेहमी सांगावयाचे आणि दुसऱ्याने नेहमी ऐकावयाचे, अशी बैठक दोन आठवड्यांत मोडते.

घराबाहेर असे मंडळ चालवणेही अवघड नाही. सहा ते दहा माणसे पुरतात. महिन्यातून एक ठराविक वार धरावा. प्रत्येकाने दहा मिनिटांहून अधिक बोलू नये. पुस्तक बरोबर आणावे, कारण ज्याचा आकार, अक्षर आणि वास अनुभवला ते पुस्तक आठवणीत राहते. आपण कोठवर आलो आहोत ते आधी सांगावे आणि कथा असेल तर शेवट सांगू नये. आवडले नसेल तर तसे म्हणावे, पण का आवडले नाही हेही म्हणावे. आणि पाककृतीचे पुस्तक वाचणाऱ्यास कादंबरी वाचणाऱ्यापेक्षा कमी लेखू नये. मोबाईलवर मुखपृष्ठाचे छायाचित्र धाडणे हल्ली सोपे झाले आहे. त्याने बातमी पोचते. पण ज्या ठिकाणी वाचणारा अडखळला, हसला किंवा हळवा झाला, ते ठिकाण समोरासमोर बसल्यावाचून सांगता येत नाही.

मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही वाचकांसाठी उघडे आहे. गुजरातीच्या शेजारी मराठीची कपाटे तेथे उभी आहेत. फिरत्या पेट्यांचे ते दिवस आता गेले. परंतु पेटी ज्या कामासाठी जात होती ते काम संपलेले नाही. आता ते प्रत्येक वाचकाकडे आले आहे. वाचून झालेले, किंवा अर्धेच झालेले पुस्तक काखेत घेऊन शेजाऱ्याच्या दारी जावे, घटकाभर बसावे आणि त्याला विचारावे, "सध्या काय वाचता?" तो "काही नाही" म्हणाला, तर काखेतले पुस्तक त्याच्यापुढे ठेवावे.