पेट्रोलच्या आगीवर पाणी का मारीत नाहीत?

आग म्हटली की पाणी, हे समीकरण आपल्या मनात बालपणापासून बसलेले असते. त्यामुळे टँकर उलटला, बंब आला आणि बंबवाले पाणी न मारता दूरच उभे राहिले, तर बघणारे लोक चिडतात. आपल्या धरमपुरीपासून आग्रा-मुंबई रस्ता फार लांब नाही. पेट्रोल, डिझेल व गॅस यांचे टँकर त्यावरून रात्रंदिवस धावतात. तेव्हा बंबवाल्यांचे हे शास्त्र आपण समजून घेतलेले बरे.

नर्मदेपलीकडील खरगोन जिल्ह्यात २६ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी अंजनगावाजवळ इंधनाचा टँकर उलटला. गावकरी जमले आणि काही वेळाने स्फोट झाला. एक तरुणी जागीच गेली, वीसाहून अधिक माणसे भाजली आणि त्यांतील कित्येक पुढे इस्पितळात दगावली. टँकर उलटताक्षणीच स्फोट झाला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. मधल्या शांत वेळेनेच घात केला.

त्या शांत वेळात काय घडत असते? पेट्रोल द्रवरूपाने जळत नाही. जळते ती त्याची वाफ. शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ त्यातून निघते, मग निमाडच्या उन्हात काय होत असेल! ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड असल्याने वर न जाता जमिनीसरशी नाल्याखड्ड्यांतून दूरवर सरकते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झाले की एक ठिणगी पुरते. डबा घेऊन फुकटचे पेट्रोल भरावयास जाणारा मनुष्य त्या अदृश्य वाफेतच उभा असतो. म्हणून बंबवाले वाऱ्याची दिशा पाहून वाऱ्याच्या वरच्या अंगाने येतात, गर्दी हटवितात, आसपासची इंजिने व चुली बंद करावयास लावतात, आणि माती-वाळूचा बांध घालून ओघळ गटारांत व ओढ्यांत जाण्यापासून अडवितात.

आता पाण्याचे पाहू. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी खाली जाते, पेट्रोल वर तरंगते आणि जळत जळत पसरते. कढईतील पेटलेल्या तेलावर पाणी ओतले तर याहून भयंकर प्रकार होतो. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ बनते व जळते तेल अंगावर उडविते. शहाणी गृहिणी शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवते. बंबवाल्यांचा फेस म्हणजे तेच झाकण होय. शंभर लिटर मिश्रणात ३ किंवा ६ लिटर फेसद्रव असतो; हवा मिसळून त्याचा फेस होतो. तो पेट्रोलवर पसरून वाफ कोंडतो व हवा तोडतो. आग नसली तरी सांडलेल्या पेट्रोलवर तो आधीच अंथरतात. फेस जोराने आत मारीत नाहीत. अलगद सरकू देतात. पुरेसा साठा हाताशी येईपर्यंत पुष्कळदा थांबतातही, कारण अर्धवट थर जळून जातो व सारा फेस वाया जातो. लोकांना ही दिरंगाई वाटते. पाणी मात्र तापलेली टाकी लांबून थंड ठेवण्यास वापरतात.

गॅसची गोष्ट आणखी निराळी. गळती बंद करता येत नसेल तर तेथील ज्योत विझवीतच नाहीत. विझविल्यास न जळलेला गॅस साचून मोठा भडका होतो. मिथेनॉल तर पाण्यात मिसळते व साधा फेस खाऊन टाकते, म्हणून त्याला खास फेस लागतो. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर पेटला, तेव्हा जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडले आणि चौघांचा बळी गेला.

मग टँकरमध्ये काय आहे हे ओळखावे कसे? त्याच्या पाठीवरील पाटी पाहावी. पेट्रोलच्या पाटीवर १२०३ हा आकडा व ‘३ वाय ई’ अशी खूण असते. ३ म्हणजे फेस वापरा, वाय म्हणजे ओघळ अडवा व आगीत श्वसनयंत्र बांधा, ई म्हणजे आसपासची माणसे हलविण्याचा विचार करा. ही पाटी वाचण्यासाठी जवळ जाऊ नये. लांबून दिसली तरच वाचावी. ११२ वर फोन करताना ठिकाणाबरोबर तो चार अंकी आकडा सांगता आला, तर बंबावर कोणता फेस चढवावयाचा हे निघतानाच ठरविता येते.