लिनक्स कुठलाही टाका, आधी ‘वारकऱ्यांना’ लिहून बघा

सोलापुरातून बोलतोय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय: घरातल्या जुन्या लॅपटॉपवर कुठला लिनक्स टाकू? म्हणून आजचा भाग. बोललोय तसाच लिहून ठेवलाय, थोडा नीट करून.

तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर लिनक्स तुमच्या खिशातच आहे. सेटिंग्जमध्ये फोनची माहिती उघडा, अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करा, बहुतेक फोनमध्ये तिथेच कर्नल व्हर्जन दिसतं. हा कर्नल म्हणजे लिनक्स, लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केलेला. त्याच्याभोवती डेस्कटॉप, प्रोग्रॅम आणि अपडेटची सोय बांधून जे तयार होतं ते डिस्ट्रो. आपल्याकडे शेंगा त्याच असतात पण चटणी प्रत्येक दुकानाची वेगळी, तसं.

माझी सुरुवात रेड हॅटने झाली. तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी यायच्या, नेटवरून उतरवणं परवडायचं नाही. 2003 मध्ये रेड हॅटने घरगुती आवृत्ती थांबवून फेडोरा सुरू केला, म्हणून फेडोरा. तो सारखा बदलायचा, कंटाळा आला. मग उबुंटू. ते लोक सीडी पोस्टाने फुकट घरी पाठवायचे, 2011 मध्ये ती योजना बंद झाली. त्याच वर्षी त्यांनी डेस्कटॉपही पार बदलला, तेव्हा मी मिंटवर गेलो. आता एका मशीनवर मिंट, दुसऱ्यावर डेबियन. डेबियनमध्ये काही नवीन घडत नाही, आणि मला तेच आवडतं.

खरं सांगू? यातल्या कुठल्याच बदलाने माझ्या आयुष्यात फार फरक पडला नाही. फरक पडला तो दोन गोष्टींनी, आणि त्या डिस्ट्रोच्या पोटात होत्या.

पहिली, लोडशेडिंग. ते दिवस आठवत असतील त्यांना सांगायला नको. जुन्या ईएक्सटी2 पद्धतीत वीज अचानक गेली की पुढच्या वेळी मशीन अख्खी डिस्क तपासत बसायचं, चहा पिऊन आलं तरी संपायचं नाही. 2001 च्या शेवटी ईएक्सटी3 कर्नलमध्ये आलं. हे डिस्कवर बदल करण्याआधी त्याची नोंद वहीत लिहून ठेवतं. वीज परत आली की वही वाचायची, अर्धवट राहिलेलं मिटवायचं, पुढे जायचं. सोलापूरसारख्या गावात लिनक्स टिकला असेल तर माझ्या मते या वहीमुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे मराठी. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे ‘वारकऱ्यांना’ हा शब्द मी प्रत्येक नव्या डिस्ट्रोवर सगळ्यात आधी टाईप करतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा फरक हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. पूर्वी लिनक्समध्ये अक्षरं जुळवण्याचं काम प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने करायचा. एकच शब्द एका खिडकीत बरोबर, शेजारच्या खिडकीत तुटलेला. आता फायरफॉक्स, लिब्रे ऑफिस, अँड्रॉइड सगळे हार्फबझ नावाचं एकच इंजिन वापरतात. हर्फ म्हणजे अक्षर. नाव फारसीवरून आलंय. फुकट आहे, खुलं आहे, आणि तुम्ही अँड्रॉइड फोनवर मराठी वाचता त्यामागे तेच असतं. लिब्रे ऑफिसने ते 2017 मध्ये सगळीकडे लावलं. त्यानंतर माझी परीक्षा कुठल्याच डिस्ट्रोने नापास केली नाही.

पण युनिकोडच्या आधीच्या फायलींचं काय?

माझे काका मिलमध्ये होते. त्यांनी मिलच्या आठवणी लिहिल्या आणि नव्वदच्या दशकात एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतल्या. फाईल माझ्याकडे आली, लिनक्सवर उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. तेव्हाचे फॉन्ट असेच होते. कॉम्प्युटरला वाटायचं इंग्रजी अक्षर आहे, फॉन्ट त्याजागी मराठी अक्षराचा तुकडा काढून दाखवायचा. प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

तक्ता करून अदलाबदल केली की झालं, असं वाटतं. होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाईप करायचे, म्हणजे ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: क आधी, वेलांटी नंतर. ‘धर्म’मधला रफार जुन्या फाईलमध्ये म च्या मागे लागतो, युनिकोडमध्ये र हा म च्या आधी यावा लागतो. म्हणून पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: आधी तुकडे बदल, मग वेलांटी पुढे सरकव, मग रफार मागे ओढ. जोडाक्षरांवर चार रविवार गेले.

त्यामुळे ‘कुठला लिनक्स टाकू’ याचं माझं उत्तर सोपं आहे. 4 जीबी रॅम असेल तर मिंटचा एक्सएफसीई डेस्कटॉप असलेला प्रकार. पेनड्राईव्हवरून न टाकता चालवून बघता येतो, वायफाय आणि आवाज तिथेच तपासा. पण डिस्क पुसण्याआधी जुन्या विंडोजमध्ये एकदा फिरून या. लग्नपत्रिका, आजोबांची पत्रं, मंडळाचा अहवाल, जे जुन्या फॉन्टमध्ये असेल ते आताच उघडा. फॉन्टची फाईल कॉपी करून ठेवा, आणि प्रत्येक कागदाची पीडीएफ काढा. पीडीएफवरून पुन्हा टाईप तरी करता येतं. चिवड्यावरून नाही.

काकांची फाईल आता युनिकोडमध्ये आहे, फोनवर उघडते, शोधता येते. अकरा शब्द अजून लागले नाहीत, त्यातले सात मशीनच्या भागांची नावं वाटतात. प्रिंट काढून काकांना दिलीय. ते भिंग घेऊन बसलेत.