स्वमग्न मूल आणि सांगता न येणारे दुखणे

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आजार नसून मेंदूच्या विकासातील वेगळेपण आहे, हे आता अनेकांस ठाऊक झाले आहे. मात्र स्वमग्न मुलालाही आजार होतात, आणि त्यांतील काही इतर मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होतात, याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. अपस्मार, जुनाट बद्धकोष्ठता, अपुरी झोप आणि केवळ मोजकेच पदार्थ खाण्यामुळे होणारा रक्तक्षय हे त्यांपैकी प्रमुख होत. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारख्या संस्था या मुलांसाठी कार्यरत आहेत. त्यांच्या शारीरिक दुखण्याची दखल घेणे हे आम्हा रुग्णालयांचे कर्तव्य होय.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ज्या अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांतील पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. किशोरवयात त्यास तीव्र संधिवाताने ग्रासले. त्या दुखण्याचे निदान होऊन उपचार झाले. पुढे त्यांनी बँकेत नोकरी केली, मोटार चालविली, जगप्रवास केला. २०२३ साली ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

खरी अडचण निदानाची असते. ज्याला ‘माझा दात दुखतो’ असे सांगता येत नाही, ते मूल गालावर मारून घेते, हात चावते, रात्रभर जागते. घरचे म्हणतात, ‘हट्ट वाढला.’ कित्येकदा डॉक्टरही ‘हा स्वमग्नतेचाच भाग’ असे म्हणून थांबतात. म्हणून आमचा पालकांना आग्रह असतो, की वागण्यात अचानक बदल झाला, तर प्रथम दात, कान, घसा आणि पोट तपासून घ्यावे. मूल क्षणभर शून्यात पाहत राहिले व हाक मारूनही भानावर आले नाही, तर तो अपस्मार असू शकतो. शक्य असल्यास चित्रफीत काढून डॉक्टरांना दाखवावी. झटका आल्यास मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालयात आणावे. अपस्माराची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये.

उपचारांचा खर्च मोठा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या स्वमग्न व्यक्तीस राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळू शकते. त्यापलीकडचा भार कुटुंबावरच पडतो. गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात अशा मुलाची तपासणी होणे कठीण. त्यास शांत खोली, अधिक वेळ आणि प्रसंगी भूल देऊन दंतोपचार लागतात. दात्यांच्या देणगीचा विनियोग अशाच ठिकाणी सार्थकी लागतो.

शेवटी पालकांना एक विनंती. आपल्या मुलाच्या दुखण्याच्या खुणा बहुधा एकट्या आईलाच कळतात. त्या एका वहीत लिहून ठेवाव्यात: औषधे व त्यांची मात्रा, झोप, शौचाच्या वेळा, आणि दुखत असेल तेव्हा ते काय करते. आई गावी असेल वा स्वतःच आजारी पडेल, त्या दिवशी आजोबा किंवा आत्या ती वही घेऊन येतील, आणि जे मुलाला सांगता येत नाही ते आम्हाला वाचता येईल.