चेतापेशीतला परतीचा माल

काचेच्या बशीत वाढवलेली उंदराची चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली असते. तिच्या लांबलचक अक्षतंतूच्या अगदी टोकाला एक हिरवा ठिपका उजळतो. काही मिनिटांत फुगून त्याचे कडे होते आणि ते पेशीच्या मूळ देहाकडे निघते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एरिका होल्झबॉर यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये हा प्रवास टिपला. कडे म्हणजे पिशवी, आणि पिशवीत टोकाला झिजलेला माल.

याला ऑटोफॅजी म्हणतात: पेशीने स्वतःचाच जुना माल मोडीत काढून सुटे भाग पुन्हा वापरणे. त्यामागची जनुके योशिनोरी ओसुमी यांनी साध्या यीस्टमध्ये शोधली. २०१६ चे नोबेल त्यासाठीच.

यीस्टचे सोपे आहे, सगळे हाताशी. चेतापेशीची अडचण अंतराची. कण्यापासून पावलापर्यंतचा अक्षतंतू मीटरभर लांब. झीज होते टोकाच्या सिनॅप्सवर, म्हणजे पुढच्या पेशीशी जोडणाऱ्या सांध्यावर, आणि माल पुरता पचवणाऱ्या लयकारिका बहुतांशी पेशीदेहाजवळ. डायनीन नावाची प्रथिनाची मोटर पिशवीला ओढत आणते, सेकंदाला जेमतेम अर्धा मायक्रॉन. बशीतला हा वेग धरला, तर मीटरभराला तेवीस दिवस! वाटेत लयकारिका पिशवीला येऊन मिळतात, म्हणून पचन चालता चालताच सुरू होते.

हे काम थांबले तर? २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतून ऑटोफॅजीची आवश्यक जनुके काढून टाकली. रोगकारक प्रथिन एकही घातले नव्हते, तरी चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साचले, उंदरांची हालचाल बिघडली, पेशी मेल्या.

पण याला नुसती झाडलोट समजणे चूक. सिनॅप्स कमकुवत करायचा असतो, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरील संदेशग्राही प्रथिने हटवण्यातही ऑटोफॅजीचा हात असतो. कोलंबिया विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात बालपण ते किशोरवय या काळात चेतापेशींवरचे सिनॅप्स धारण करणारे काटे सर्वसाधारण मेंदूंत सुमारे निम्म्याने घटलेले दिसले, स्वमग्न मुलांच्या मेंदूंत फक्त १६ टक्क्यांनी; तिथे ऑटोफॅजीही मंदावली होती. तपासलेले मेंदू मोजकेच होते, हे मात्र विसरू नये.

ओसुमींचे नोबेल पुढे करून ‘उपास करा, मेंदू साफ होईल’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. होल्झबॉर यांच्याच प्रयोगशाळेत बशीतल्या चेतापेशींची उपासमार करून पाहिली, तेव्हा त्यांची ऑटोफॅजी फारशी वाढली नाही. उंदरांवरील काही प्रयोगांत उलटेही दिसले आहे. एकादशी श्रद्धेने करावी. मेंदूच्या सफाईची हमी तिच्या नावावर कोणी देऊ नये.