भाताच्या क्रमाने चालणारे भोजन

दक्षिण भारतीय जेवण म्हणजे इडली आणि डोसा, असा समज राजधानी दिल्लीत रूढ आहे. अशोक रोडवरील आंध्र भवनाच्या उपाहारगृहात तो दूर होतो. येथील शाकाहारी थाळीत वाढपी पुन्हा पुन्हा वाढत असल्याने पोटभर जेवता येते.

या जेवणाचा कणा भात असून तो ठरावीक क्रमाने खाल्ला जातो. प्रथम डाळीची तिखट पूड व तूप किंवा ‘पप्पू’ म्हणजे घट्ट वरण, त्यानंतर सांबार, मग आंबट-तिखट रस्सम आणि शेवटी दही. सर्व पदार्थ एकत्र कालवल्यास प्रत्येकाची चव हरवते. क्रम पाळल्यास तिखटाचा दाह दह्याने शमतो. वरण-भाताने आरंभ व ताक-भाताने सांगता करणाऱ्या मराठी पंगतीशी असलेले साम्य येथे सहज जाणवते.

दक्षिणेकडील विवाहभोजनात केळीच्या पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे ठेवतात. जेवणानंतर पान आपल्या बाजूला दुमडणे ही तृप्तीची खूण मानली जाते.

२ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळे झाले. भाताचा हा क्रम मात्र दोन्ही राज्यांना आजही समान आहे.